कुचेराचा कॉफीचा डबा

माझी बहीण ओपल एकदा कुणाच्या मागे लागली की तिला आवरणं देवाच्या बापालाही जमायचं नाही. त्या हिवाळ्यात ती शेजारच्या एमिल कुचेराच्या मागे लागली होती.

तिचा नवरा हार्लन ऑक्टोबरात गेला आणि मी तिच्या सोबतीला राहायला आले. त्याआधीचा कोरडा उन्हाळा तो हॉस्पिटलात होता आणि इकडे अंगणातली हिरवळ करपून गेली. नात टेसचं लग्न जूनमध्ये याच हिरवळीवर लावायचं, असं त्याने पोरीला ती एवढीशी असताना कबूल केलं होतं. "हार्लनचं गवत आहे, मुळातून फुटेल," ओपल म्हणायची. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं.

आणि कुचेरावर तिचा राग जुना. पाणीटंचाईत ठरवून दिलेला दिवस सोडून तिने हिरवळीला पाणी सोडलं, अशी चुगली कुणीतरी नगरपालिकेत केली होती. ते कुणीतरी म्हणजे कुचेराच, हे ओपलने स्वतःच ठरवून टाकलेलं.

नोव्हेंबरात जमीन दगडासारखी झाली होती. एका सकाळी ती खिडकीतूनच ओरडली, "फर्न, धाव! बघ हा मेला काय करतोय!"

कुचेरा आपल्या अंगणात कॉफीच्या डब्यातून काहीतरी भुरभुरत चालला होता. हद्द आली, तरी थांबला नाही. बगलेतला तसाच दुसरा डबा उघडून आमच्या अंगणातही भुरभुरत राहिला. कुंपण नाहीच मधे.

ओपल शाल गुंडाळून दारात. "काय टाकतोस रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "थंडी वाढलीय. आत जा, ओपल."

"पाहिलंस, फर्न? तोंड कसं लपवतोय! तणाचं बी टाकतोय, दुसरं काय! या थंडीत कुणी चांगलं बी टाकतं का?"

मला काय डोंबल ठाऊक! गवताचं सगळं हार्लन बघायचा. पण माणूस काहीतरी लपवत होता, हे मलाही दिसलं.

जानेवारीत बर्फ पडेना, नुसता कोरडा वारा. एका उबदार दुपारी कुचेराने पाण्याचा पाइप ओढत आणून दोन्ही अंगणांत पाणी सोडलं. संध्याकाळी पायवाटेच्या कडेला बर्फाचा पापुद्रा. "मी घसरून कंबर मोडावी म्हणून!" ओपल म्हणाली. आता मीसुद्धा पडद्याआडून त्याच्यावर नजर ठेवायला लागले.

एप्रिलात तो मुलीकडे गेला आणि हिला रान मोकळं मिळालं. तिने दुकानातून तण मारायच्या औषधाची गोणी आणली. मी गोणीवरचं वाचून म्हटलं, "अगं, हे कुठलंच बी रुजू देत नाही. नवीन गवत पेरलं असेल तर टाकू नका म्हणतायत."

"आपण कुठे काय पेरलंय? पेरलंय ते त्या मेल्याने!"

मूठभरही शिल्लक न ठेवता तिने आमच्या अंगणभर गोणी रिकामी केली.

मे उजाडला. कुचेराच्या बाजूला कोवळं, दाट गवत आलं. ते हद्दीपर्यंत आलं आणि सुरीने कापावं तसं थांबलं. आमच्याकडे नुसती माती.

कुचेरा परत आला तो थेट आमच्या अंगणात. टोपी हातात घेऊन उभाच राहिला. "ओपल, इथे काही टाकलंस का?"

"टाकलं! तुझं तण मारायला टाकलं!"

त्याने वाकून माती चाचपली. "तण नव्हतं ते. हार्लनने हॉस्पिटलात गवताचं बी दिलं होतं माझ्याकडे. म्हणाला, जमीन गारठली की टाक. हिवाळाभर झोपून राहील, वसंतात आपोआप उठेल, लग्नापर्यंत दाट होईल. कोरडं गेलं तर पाणी दे."

मी विचारलं, "मग सांगायचं नाही का रे, बाबा?"

"त्यानेच शपथ घातली होती. म्हणाला, ओपलला कळलं तर रोज उकरून बघेल, उगवलं का म्हणून."

ओपलला हसू फुटलं. अगदी हार्लनने चिडवल्यावर हसायची तशी हसली, आणि हसता हसताच मटकन खाली बसली.

"डब्यात काही उरलंय का, एमिल?" तिने विचारलं.

"नाही गं. हार्लनचं सगळं तुझ्याच बाजूला टाकलं होतं. माझ्याकडचं मी दुकानातून आणलेलं."