दाबलेली ओल

रंगारी आपल्या कामात फार चांगला होता, हीच सगळी अडचण. हात थोडा कच्चा असता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

एका निवृत्त नर्सबाईंनी त्याला घर रंगवायला बोलावलं होतं. घर विकून त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती मोकळी जागा. मागच्या खोलीतल्या भिंतीला कमरेइतकी ओल चढली होती. पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी, आणि पाइप भिंतीतच कुठेतरी फुटलेला.

"भिंत फोडायला पाहिजे, बाई. नुसत्या रंगाने भागणार नाही," रंगारी म्हणाला.

"मी आता जाणारी. घेणारा बघून घेईल. तुम्ही डाग दिसणार नाही एवढं करा."

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. त्याने पोपडे खरवडले, ओल अडवणारं रसायन मारलं, पुट्टीचे दोन हात दिले, वरून रंग. वर्ष-दीड वर्ष ओल वर येणार नव्हती. असली भिंत त्याने आजवर पन्नास घरांत केली असेल, आणि एकदाही त्याची झोप उडाली नव्हती.

शेवटच्या दिवशी तो डबा घरी विसरला आणि बायको तो घेऊन आली. डबा देऊन निघून जायचं, तर ती घरभर फिरली. मागच्या खोलीत त्या भिंतीवरून तळहात फिरवत म्हणाली, "किती गुळगुळीत केलीत हो! इथे पोरीची कॉट लावू या."

ते राहत होते ती भाड्याची खोली ओलीने खाल्लेली होती. सात वर्षांची पोर बारा महिने खोकायची. कोरड्या घरात राहायला जा, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. बायको म्हणूनच वर्षभर घर शोधत होती, आणि लग्नानंतर बारा वर्षांत तिने नवऱ्याच्या कामाचं कौतुक केलं ते आज पहिल्यांदा. त्याने ब्रश खाली ठेवला, तोंडही उघडलं. पण तोवर ती दारातल्या नर्सबाईंना किंमत विचारत होती.

त्या वेळी बोलला नाही तो नाहीच बोलला. रोज एक दिवस उशीर झाला की बोलणं दुपटीने अवघड होत जातं. आठवड्याभरात बयाणा दिला गेला. बँकेने कर्ज नाकारलं तर तो परत मिळणार होता, आपण मागे फिरलो तर बुडणार होता. बायकोची चार वर्षांची शिलाई त्यात होती. मग रंगाऱ्याने मनाशी ठरवलं, बँकेचा सर्व्हेअर येईल, ओल शोधून काढेल, कर्ज नाकारलं जाईल. सुंठीवाचून खोकला जाईल. आपल्याला तोंड उघडायलाही नको.

पण सर्व्हेअर येईल तर शपथ! आधी फाइलवर एक सही राहिली. मग साहेब रजेवर गेले. परत आले ते भलत्याच गल्लीत जाऊन, 'घराला कुलूप आहे' असा शेरा मारून मोकळे झाले. बायको दर दोन दिवसांनी बँकेत खेटे घालायची आणि घरी येऊन मशीनवर बसल्या बसल्या त्याचा उद्धार करायची.

"त्या मेल्या सर्व्हेअरला काय पडलीय! त्याचं पोर कुठे खोकतंय? त्याच्यामुळे माझी पोर अजून या ओलीत पडलीय."

रंगारी मान खाली घालून जेवायचा. तारीख पुढे गेली की त्याला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं याची इतकी लाज वाटायची की घास गिळवत नसे. पलीकडे पोर खोकत असायची.

दोन महिन्यांनी सर्व्हेअर एकदाचा आला. साधा, दमलेला माणूस, काखेत फाइल. नर्सबाईंनी दार उघडलं. नवराबायको दोघंही गेले होते. साहेबांनी खोल्या मोजल्या, छत पाहिलं, नळ सोडून बघितले. मागच्या खोलीत त्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं, हात फिरवला.

"छान. एकदम कोरडी भिंत," साहेब म्हणाले आणि कागदावर खूण करू लागले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. ते बघून रंगाऱ्याला राहवलं नाही. पण माणूस खरं बोलायला निघाला तरी अर्ध्या वाटेवर आडोसा शोधतोच. त्याने खिशातली पुट्टी ओढायची पत्र्याची पट्टी काढली आणि आत्ताच ध्यानात आल्यासारखं म्हणाला, "थांबा साहेब, इथे जरा पोकळ वाटतंय." पट्टी घातली आणि ओढली. तळहाताएवढा पापुद्रा खाली पडला. आत काळपट, ओला गिलावा.

"अरे बापरे!" रंगारी म्हणाला. स्वतःचा तो आवाज त्याला स्वतःलाच किळसवाणा वाटला.

नर्सबाई गोंधळल्या. "अरे बापरे काय? तुम्हीच नाही का मला पहिल्या दिवशी सांगितलंत, भिंत फोडायला पाहिजे म्हणून? रंगारीच घर घेतोय म्हटल्यावर मला वाटलं, जाणूनबुजून घेताय, राहायला आल्यावर दुरुस्त कराल." त्या बायकोकडे वळल्या. "तुम्हाला बोलले नाहीत हे?"

रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने ओरडावं, चारचौघांत वाभाडे काढावेत, असं त्याला मनापासून वाटलं. तिने खाली वाकून तो पापुद्रा उचलला. एका बाजूने रेशमासारखा, दुसऱ्या बाजूने ओला. बराच वेळ तिने तो उलटसुलट करून पाहिला.

मग ती सर्व्हेअरसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, दोन महिने मी तुम्हाला रोज शिव्या घातल्या. तुम्ही माझ्या पोरीला ओलीत ठेवलंय, म्हणायचे." तिने हात जोडले. "चुकीच्या माणसाला घातल्या. माफ करा."

साहेब ओशाळले. त्यांनी मघाची खूण खोडली आणि खाली 'ओल' असं लिहिलं. कर्ज मिळणार नव्हतं, बयाणा परत येणार होता. रंगाऱ्याने मागितलं होतं ते सगळं त्याला मिळालं.

तो खाली बसला. भिंतीला पडलेला खड्डा समोर दिसत होता. कोपऱ्यात त्याचाच उरलेला पुट्टीचा डबा होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात तिकडे गेला.

"राहू द्या ते तसंच," बायको दारातून म्हणाली. "पुढच्याला दिसू दे."