कारण निवडा

"सेव्हच होईना, मॅडम. लाल चांदणी आलीय."

मृण्मयी खुर्चीवरून उठून कडूबाईच्या टेबलाशी आली आणि पडद्यावर वाकली. "'कारण' रिकामं आहे, कडूताई. तो रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे सरकणार नाही."

"ते मला बी दिसतंय. भरू काय पण?"

"यादीतलं एक निवडायचं."

कडूबाईनं माऊस दाबला. यादी उलगडली. लग्नात आहेराची नावं पुकारतात तशा चढ्या आवाजात तिनं ती वाचली, पलीकडच्या टेबलांनाही ऐकू जावी अशी. "शिस्तभंग. सुरक्षासाधने न वापरणे. निष्काळजीपणा. वैयक्तिक आजार. यंत्रातील बिघाड. इतर." मग माऊस सोडून तिनं हात पदराला पुसले. "झाली यादी. आता ह्याच्यात बद्रीनाथ कुठं बसतो ते दाखवा मला."

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात बद्रीनाथचं काय झालं ते सगळ्यांनाच माहीत होतं.

बद्रीनाथ ओतकाम खात्यातला. भट्टीतून वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, हेच त्याचं उभ्या आयुष्याचं काम. दुष्काळाचं वर्ष. औद्योगिक वसाहतीचं पाणी कमी झालं आणि कंपनीनं बचत सुरू केली ती नेमकी भट्टीपासून. होळीच्या सुमारास खात्यातला पाण्याचा कूलर बंद झाला. गळतो म्हणून. प्यायचं पाणी कॅन्टीनमध्ये, तेही सुट्टीतच. काचेच्या केबिनांमध्ये मात्र जार येत राहिले, निळे, गार, घाम सुटलेले. एका दुपारी भट्टीसमोर बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आधाराला म्हणून त्यानं उजवा हात टेकवला, तो नुकत्याच भरलेल्या साच्यावर.

खात्याच्या फोरमननं अपघाताच्या वहीत सरळ लिहिलं होतं, 'पाणी न मिळाल्याने चक्कर येऊन पडला.' पण वहीचे दिवस संपले होते. मुख्यालयानं सगळ्या कारखान्यांसाठी एक पोर्टल आणलं होतं, आणि इथं ते शिकवायला, सांभाळायला मृण्मयी होती. प्रत्येक कागद त्याच्यात चढवायचा, प्रत्येक कागदाला टॅग लावायचे. खातं कोणतं, स्थान कोणतं, व्यक्ती कोण, कारण काय. वहीचं पान चढलं ते नुसता फोटो म्हणून. आतलं अक्षर शोधात सापडत नव्हतं. सापडायचं ते रकान्यातलं. गुरुवारी बद्रीनाथची चौकशी होती आणि समिती बघणार होती तो रकाना. निष्काळजीपणा असं तिथं बसलं की नोकरी गेली.

"'इतर' टाका ना," मृण्मयी हळूच म्हणाली.

"इतरचं काय होतं तुम्हीच शिकवलं. ते अहवालात येत नाय, समितीपुढं जात नाय. मग ते काय बोलणार? 'कारण आढळलं नाही, म्हणजे ह्याचाच दोष.' यादीत नवा शब्द घाला."

"कोणता?"

"पाणी."

मृण्मयीनं इकडंतिकडं पाहिलं. "यादी मुख्यालयाची आहे हो. सगळ्या प्लँटना तीच. मी विनंती पाठवू शकते फक्त."

"धाडा मग."

विनंती गेली. उत्तर जेवणाच्या सुट्टीआधीच आलं. वर्गीकरण सखोल विचारांती अंतिम करण्यात आले आहे, असे कारण अन्य कोणत्याही प्लँटमध्ये उद्भवलेले नाही, सबब आवश्यकता नाही.

"उद्भवंल कसं?" कडूबाई फणकारली. "नदीकाठी बसून यादी केली त्यांनी. ज्याच्या दारात नदी, त्याला तहान हे कारण सुचंल व्हय?"

आणि त्या उत्तराखाली, जिथं शेरा लिहायला जागा होती, तिथं तिनं दोन बोटांनी एकेक अक्षर टिपत लिहिलं:

*पाणी मागता मागता, जीभ टाळूला चिकटं*
*असं कारण ग बाई, कोण्या यादीत ना भेटं*

मुख्यालय म्हणालं, कृपया विषयाला धरून लिहावे.

*

कडूबाई नवपुते ह्या कंपनीत लागली तेव्हा रेकॉर्डची खोली म्हणजे लोखंडी कपाटं आणि झुरळं होती. मग संगणक आला. तेव्हा कुणी यादी दिली नव्हती, म्हणून फोल्डरांना नावं तिनंच दिली, आपल्या जिभेनं. 'जुनी भट्टी रुसली की बघायचे'. 'द्वारकाबाई कॅन्टीन भांडणे'. 'साहेब बदलले तेव्हाचे'. लोक हसायचे आणि नेमकं हवं ते काढायचे. नव्या पोर्टलमध्ये ती सगळी नावं गेली. तेही तिनं सोसलं. मृण्मयीकडून नवं काम शिकून घेतलं, चष्म्याचा नंबर वाढला तरी.

पण ठेवलेलं नाव हलकं नसतं, हे तिला कुणी पोर्टलवर शिकवायची गरज नव्हती. तिच्याआधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिच्या आईनं बारशाला चांगलं नाव ठेवलंच नाही. कडू ठेवलं, काळाला नको वाटावं असं. त्यांच्या गावाकडची रीतच ती. आणि दळताना आई जात्याला सांगायची:

*कडू ठेविलं ग नाव, काळ अंगणात फिरं*
*तोंडी लावून थुंकला, माझं लेकरू ग उरं*

एका नावावर ती जगली होती. आता एका नावावर बद्रीनाथ मरायला टेकला होता, आणि ते नाव तिच्याच बोटानं निवडायचं होतं.

*

संध्याकाळी ती काळीपिवळीतून शेंद्र्याला गेली. बद्रीनाथ दारात बाजेवर बसला होता, हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. तिला पाहून उठायला लागला.

"बस रे, बस. मी काय साहेब हाय?"

"साहेबाच्या वरच्या तुम्ही, ताई. आमची जिंदगीच तुमच्या खोलीत." तो हसला. "लिहिलं का माझं?"

"यादीत बसत नाय तू."

त्यानं यादी ऐकून घेतली. मान हलवली. "मग निष्काळजी लिहा. खोटं कुठंय? घरून बाटली न्यायला पायजे होती मी."

आतून त्याची बायको केसरबाई बाहेर आली, हातात पिठाचे गोळे तसेच. "बाटली? अन् बाटलीत काय भरून देणार होते मी? थुका? हंड्याला दिसभर लायनीत उभी ऱ्हाते मी. ते टँकरवालं मेलं जालना रोडला पळतंय, तिथं बारा माळ्याच्या भिंतीला पाणी मारत्यात. भिंतीला पाजत्यात, ताई! अन् ह्यो म्हनतो मी निष्काळजी." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "म्हन परत. म्हन, अन् भाकरी मागून दाव."

बद्रीनाथ पट्टीकडं बघत म्हणाला, "ती घरात बी अशीच यादी वाचते, ताई. सगळ्या रकान्यात मीच."

हसू आलं, तिघांनाही आलं, आणि लगेच विरलं. निघताना केसरबाईनं तांब्या पुढं केला. अर्धाच भरलेला. कडूबाईनं ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला.

*

दुसऱ्या दिवशी तिला रकाना सापडला. सापडला म्हणजे होताच, अगदी तळाशी. 'शोधशब्द'. त्याच्यासमोर यादी नव्हती. ज्याला जे वाटेल ते लिहायची मोकळीक. मुख्यालयाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, म्हणूनच तो मोकळा राहिला होता.

बद्रीनाथच्या नोंदीत 'कारण' मध्ये तिनं दात आवळून 'इतर' टाकलं आणि खाली लिहिलं, *पाणी*.

मग ती थांबली नाही. प्रथमोपचार खोलीतल्या चिठ्ठ्या काढल्या. घेरी, उलटी, पोटऱ्यांत गोळे, आणि सगळ्या ओतकाम खात्यातल्या. *पाणी*. अर्ध्या दिवसाच्या रजेचे अर्ज, 'नळ येणार आहे' असं कारण दिलेले. *पाणी*. कूलर दुरुस्तीचा प्रस्ताव, 'सध्या नको' असा शेरा मारलेला. *पाणी*. जारांची ऑर्डर, केबिनांसाठीची. तिथं तिनं तो शब्द जरा जास्तच जोरात टिपला.

कॅन्टीनमध्ये तिनं कुणालातरी सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. पोर्टल सगळ्यांच्याच मोबाईलवर होतं, हजेरीसाठी दिलेलं. ज्यांना रजेच्या अर्जापलीकडं काही लिहायची सवय नव्हती ते कामगार आपापले जुने अर्ज उघडून तळाशी एक शब्द लिहायला लागले. बुधवारी तो शब्द शोधला की पडदा खाली सरकतच राहायचा, सरकतच राहायचा.

मृण्मयीनं ते पाहिलं. बराच वेळ सरकवत राहिली. मग खुर्ची ओढून कडूबाईजवळ बसली. "कडूताई, हे... हे फार आहे."

"फार नाय. जेवढं हाय तेवढंच हाय."

"उद्या समितीपुढे मी हा शोध लावून दाखवीन," मृण्मयी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "खरंच दाखवीन."

दुपारी हिमांशू साहेबांनी दोघींना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. कारखान्याचे प्रमुख. कोपऱ्यात निळा जार, त्याच्यावर पालथा पेला.

"काय चाललंय हे? पोर्टल म्हणजे मोर्चा आहे का?"

"नाय साहेब. मोर्च्यात ओरडायला लागतं. घसा ओला लागतो त्याला."

"नवपुतेबाई, तुम्ही कंपनीचा डेटा खराब करताय. एक शब्द सगळीकडे! काही शिस्त आहे की नाही?"

"तुमच्या यादीत निष्काळजीपणा सगळीकडं हाय, तो चालतो?" तिचा आवाज चढला, आणि चढू दिला तिनं. "भट्टीपुढं माणसं घामानं मिठाची झालीत साहेब. शर्टाला पांढरे पट्टे दिसत्यात, बघा जाऊन कधी. अन् तुम्हाला शब्दाची घाण वाटायली?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते मृण्मयीला म्हणाले, "शोधशब्दचा कॉलम काढून टाका. आत्ता. मुख्यालयाशी बोलणं झालंय."

"सर, उद्याच्या चौकशीत..."

"आत्ता."

टेबलावरचा लॅपटॉप त्यांनी तिच्यापुढं वळवला. मृण्मयीनं एकदा कडूबाईकडं पाहिलं. कडूबाईला वाटलं, ही नाही म्हणेल. क्षणभर खरंच वाटलं. मग उस्मानपुऱ्यातल्या घराचा हप्ता की आजारी वडील की नुसतीच सवय, काय आड आलं कोण जाणे, मृण्मयीनं बोट खाली नेलं. रकाना गेला. त्याच्यासोबत एवढ्या माणसांनी एकेक करून लिहिलेला शब्द गेला, सगळीकडून, एकदम, कसलाच आवाज न होता.

"थँक यू," साहेब म्हणाले.

"बोट भाजलं नाय ना, मॅडम?" कडूबाईनं विचारलं आणि ती बाहेर आली.

*

चौकशी चहा गार व्हायच्या आत आटोपली. 'इतर' ला कारण मानता येत नाही, असं समितीनं नोंदवलं, आणि बदल करून निष्काळजीपणा टाकला. बद्रीनाथनं डाव्या हाताचा अंगठा उमटवला. सही येत होती त्याला, पण ती उजव्या हातात होती.

पुढच्या सोमवारी दोन नंबरच्या गेटाबाहेर, कंपनीच्या कुंपणापासून चार पावलं लांब, कडुनिंबाखाली एक मोठा माठ दिसला. विटांवर ठेवलेला, ओलं पोतं गुंडाळलेला. माठ केसरबाईचा. पाणी टँकरच्या ड्रायव्हरचं. तो रोज थांबून चार बादल्या ओतायचा आणि म्हणायचा, "टॉवरवाल्यांच्या भिंती ऱ्हातील जरा तान्हेल्या." माठाशी बद्रीनाथ बसायचा. आणि माठावर कडूबाईनं एक चिठ्ठी चिकटवली होती, कंपनीच्याच लेबल छापायच्या मशिनवर छापलेली, कपाटांवर असते तशी. 'बद्रीनाथ, ओतकाम खाते. कारण: पाणी.'

"अरे, पाणपोई मेलेल्याच्या नावानं घालत्यात," फर्स्ट शिफ्टचे लोक त्याला चिडवायचे. "तू तर जित्ताच!"

"कंपनीला इचारा," बद्रीनाथ म्हणायचा.

आठवडाभरातच कडूबाईच्या पडद्यावर एक नवी नोंद आली. सिक्युरिटीनं चढवलेली, फोटोसकट. विषय: प्रवेशद्वाराबाहेर अनधिकृत वस्तू, मातीची. टॅग लावून पुढे पाठवावे.

तिनं फोटो मोठा केला. माठ, पोतं, चिठ्ठी, आणि बाजूला उकिडवा बसलेला माणूस. 'व्यक्ती' ह्या रकान्यात तिनं बद्रीनाथ लिहिलं. पोर्टलनं क्षणभर शोधलं आणि सांगितलं, असे नाव आढळले नाही.

तिनं परत लिहिलं. आढळले नाही.

पलीकडं मृण्मयी मान खाली घालून बसली होती. त्या बुधवारपासून ती कडूबाईच्या टेबलाशी आली नव्हती. आता मात्र ती न बघताच म्हणाली, "स्टाफच्या यादीतून काढलंय त्याला. काल."

"व्हय," कडूबाई म्हणाली.

'कारण' पुढं लाल चांदणी पेटली होती. तिनं यादी उघडली, वरून खालपर्यंत पाहिली, आणि मिटली. काहीच निवडलं नाही. नोंद तशीच उघडी ठेवून ती उठली, चष्मा डब्यात घातला आणि जिन्यानं उतरून, कूलरच्या बंद तोटीजवळून, दोन नंबरच्या गेटाबाहेर गेली.

ऊन पांढरं झालं होतं. बद्रीनाथनं तिला येताना पाहिलं आणि डाव्या हातानं पळी माठात बुडवली.

"घ्या ताई."

तिनं ओंजळ पुढं केली. त्यानं ओतलं ते निम्मं ओंजळीत आलं, निम्मं तिच्या मनगटांवरून खाली सांडलं. त्याचा डावा हात अजून शिकत होता. तिनं ओंजळ हलवली नाही. त्यानं पळी पुन्हा बुडवली.