पोट काढलेला सिंथेसायझर

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. नाव अवघड वाटलं तरी बिचकू नका. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण भाता नाही, हवेऐवजी वीज. वर फिरवायची खूपशी बटणं. एक बटण जरा फिरवलं की काचेवरून ओलं बोट फिरावं तसा आवाज येतो, दुसरं फिरवलं की जमिनीखालून कुणी हुंकार द्यावा तसा.

कारखान्यात बायकांनी माझ्या एकेका तारेला जपून डाख दिला. तिथून मी मिलवॉकी शहरात आलो, वांडा पावलिक यांच्या लॉन्ड्रीत. त्यांची मुलगी रेनाटा हिने कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये लोकांचे शर्ट इस्त्री करून मला विकत घेतलं होतं. माझा मुक्काम तळघरात, कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्रांशेजारी. कुणाच्या पँटची चेन यंत्राच्या पत्र्यावर टकटक आपटत फिरायची, आणि रेनाटा त्या ठेक्यावर माझ्या पट्ट्यांवर बोटं टाकायची. तिथेच तिचा आणि तिच्या मित्रांचा बँड जन्माला आला. नाव ठेवलं कोल्ड लॉन्ड्री.

गायचा डेल हचिन्स. उंच, गोरापान, डोळ्यांत काजळ. त्याचा आवाज कायम दुःखी आणि खालचा ताल मात्र नाचरा. रडावं की नाचावं हे लोकांना कळायचं नाही, म्हणून ते दोन्ही करायचे. पण बँडचा खरा आवाज रेनाटाच्या हातात होता. माझ्या पोटात कुठलाही सूर साठवून ठेवता येत नसे. प्रत्येक गाण्याआधी ती सगळी बटणं नव्याने लावायची आणि तेवढा वेळ डेल लोकांना काहीबाही विनोद सांगायचा. मी गार असलो की बेसूर व्हायचो. म्हणून ती मला आधीच चालू करून ठेवायची आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा माझ्या पाठीवर तळहात ठेवून पाहायची.

आमची गाणी आधी कॉलेजच्या रेडिओवर लागली, मग देशभर. आणि मित्रांनो, तिथून सगळं घाण व्हायला लागलं. घाण हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. माझ्या डोक्यावर लोक बिअरचे ग्लास ठेवायचे. पट्ट्यांच्या फटींत आंबूस चिकटा साचला. कुणी माझ्या कडेवर सिगारेट विझवली. रेनाटा इस्त्रीघरातल्या मऊ फडक्याने ते सगळं पुसायची आणि तोंड वाकडं करायची. पण ही घाण पुसता तरी येत होती.

न पुसता येणारी पुढे आली. दौरे वाढले, मी गरम होईपर्यंत थांबायला कुणाला वेळ उरला नाही. डेलने ठरवलं की वाद्यांचं सगळं संगीत टेपवर भरून घ्यायचं, मंचावर टेप लावायची, फक्त तो तेवढा खरा गाणार. बाकीच्यांनी हात हलवायचे. माझी तार मागे नुसती लोंबत सोडलेली असायची. रेनाटा मुक्या पट्ट्या दाबायची आणि हजारो लोक तिच्या बोटांकडे पाहून माना डोलवायचे. मला शिसारी यायची.

"पोटाला मिळतंय ना?" डेल म्हणायचा. "कपडे धुण्यापेक्षा बरं."

"कपडे निदान खरे धुतले जातात," रेनाटा म्हणायची. पण उभी राहायची.

मग एका टीव्हीवरच्या कार्यक्रमाआधी डेलला मला गळ्यात अडकवून नाचायची हुक्की आली. मी जड. रेनाटा तोंड रंगवून घ्यायला गेली होती, तेवढ्यात त्याने स्क्रूड्रायव्हरने माझं पोट उघडलं आणि आतलं सगळं उपसून एका खोक्यात कोंबलं. कोंबडीचं पोट साफ करतात तसं. चालू असल्यासारखं दिसावं म्हणून माझा लाल दिवा तेवढा ठेवला आणि त्याला बॅटरी बसवली. मी हलका झालो आणि टीव्हीवर फार सुंदर दिसलो. रेनाटाला कळायचं कारण नव्हतं. मला उचलायला-ठेवायला माणसं होती, आणि पोट असतानाही मी गप्पच असायचो.

त्याच उन्हाळ्यात आम्ही घरी आलो. मिलवॉकीच्या तळ्याकाठी मोठा जलसा होता. वांडाबाई आजवर एकदाही लेकीला ऐकायला आल्या नव्हत्या. शनिवारी लॉन्ड्री बंद ठेवायची म्हणजे काय. लेकीला त्या रेनिया म्हणत, आणि त्यांचं एकच म्हणणं असायचं: "बटणं दाबायची, यंत्र वाजतं. त्यात तू काय करतेस, रेनिया?"

या वेळी त्या येणार होत्या. रेनाटा डेलला म्हणाली, "ते संथ गाणं मी खरं वाजवणार. एकच गाणं. आई समोर असताना मला मुकं उभं राहायचं नाही."

डेल केस विंचरत होता. "वाजव की. कोण नको म्हणतंय?"

तिने टेप सांभाळणाऱ्या माणसालाही बजावलं की त्या गाण्याला टेप बंद कर.

मंचावर दुपारचं कडक ऊन होतं. आधी वाजवून पाहायला वेळ मिळाला नव्हता, पण माझी तार तिने स्वतः जोडली. लाल दिवा लागलेला पाहिला. पाठीवर तळहात ठेवला. मी गरम होतो. मित्रांनो, ते नुसतं ऊन होतं, आणि मला तिला सांगता येत नव्हतं.

गाणं आलं, टेप थांबली. रेनाटाने पट्ट्या दाबल्या. काही नाही. तिने तार काढली, पुन्हा खोचली, बटणं फिरवली. समोर लोक, त्यांत तिसऱ्या रांगेत चांगला कोट घालून, पर्स मांडीवर धरून बसलेल्या वांडाबाई. लोक शिट्ट्या मारायला लागले. डेलने हसत हसत टेपवाल्याला खूण केली. टेप सुरू झाली. रेनाटाचे दोन्ही हात अजून हवेत होते आणि तिचं गाणं उत्तम वाजत होतं. काही जण फिदीफिदी हसले, मग नाचायला लागले.

मंचामागे वांडाबाई आल्या तेव्हा रेनाटा माझ्याशेजारी खाली बसली होती.

"तुझे हात वर होते," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं."

"आई, रेकॉर्डवर मीच वाजवलंय."

"असेल."

"असेल काय? मीच."

"मला काय कळतं त्यातलं, रेनिया. चल, काहीतरी खाऊन घे."

मारलं असतं तरी बरं, असा तो आवाज होता. रेनाटाने माझं मागचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. दिवा आणि बॅटरी, बाकी काही नाही. मग डेलला हाक मारली.

"अगं, टेप चालूच राहिली असती," डेल म्हणाला. "त्या शहाण्याने बंद केली म्हणून. तुला वाटलं असतं तूच वाजवतेयस. तुला कळलंच नसतं."

"मला कळलं नसतं?"

"लोकांना कधी कळलं? चिडतेस कशाला, नाचले ना सगळे?"

"आतलं सामान कुठंय?"

"माझ्या गॅरेजमध्ये असेल. नाहीतर कचऱ्यात. मी काय त्याची रखवाली करतो?"

रेनाटाने मला काखेत उचललं आणि त्या बँडमधून उठून आली. एका काखेत मी मावलो, याचीच मला लाज वाटली.

खोकं गॅरेजमध्येच होतं. उंदरांनी त्यात घर केलं होतं. तारांवर लेंड्या, मुतलेल्या कापसाचा उग्र वास, हिरवा गंज. हे माझं काळीज होतं. रेनाटा बाहेर जाऊन मोकळा श्वास घेऊन आली आणि तिने पुन्हा हात घातला. इस्त्रीघरात टेबलावर जुनी चादर अंथरून ती एकेक तुकडा साफ करत बसली. पहिले काही दिवस वांडाबाई नुसत्या येता-जाता पाहायच्या. मग एके दिवशी त्यांनी कॉलर घासायचा बारीक ब्रश आणून ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "हे असं कुणी काढलं होतं?"

"डेलने."

"मग तू त्या दिवशी दाबत होतीस ते..."

"रिकामं होतं, आई."

वांडाबाईंनी ब्रश उचलला. तारा घासता घासता त्यांनी त्या मुलाला आपल्या माहेरच्या पोलिश भाषेत जे काही म्हटलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मी पुन्हा वाजलो, पण पूर्वीसारखा नाही. वरच्या सुरांत खरखर राहिली, दोन पट्ट्या मुक्याच राहिल्या. कोल्ड लॉन्ड्रीने मग माझ्यासारखं रंगवलेलं एक लाकडी खोकं करून घेतलं आणि त्याच्यासोबत आणखी पुष्कळ वर्षं टाळ्या मिळवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही तिटकारा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर ते पुसून, झालर घालून कपाटावर मांडू नका. त्याला वाजवा. चुकत वाजवा, पण वाजवा. आणि कुणी तुमच्या हातात काही देऊन नुसते हात हलव म्हणालं, तर आधी त्याचं झाकण उघडून पाहा.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या खानावळीत मासे तळतात तेव्हा लॉन्ड्रीत गर्दी असते. रेनाटा मागे मला वाजवत असते. आवाज फाटका येतो, ठेचकाळतो, ती पुन्हा पहिल्यापासून धरते. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "रेडिओ बिघडलाय का हो, बाई?"

वांडाबाईंनी त्याच्या शर्टाची घडी पुरी केली.

"रेडिओ नाही," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी वाजवतेय. हातांनी."