क्रिसान्तोंचे दार

हिमशुभ्र माळ, हिमशुभ्र छपरे. विनिपेग शहराच्या क्षितिजावर हिवाळ्याचा कृश, पीतवर्णी सूर्य. प्रकाश देणारा, ऊब न देणारा. वारा पूर्ण थांबलेला. त्या निश्चल उन्हात माणसे दफनभूमीतून परतत होती. मारिसेलच्या काळ्या कोटावर बापाच्या कबरीची माती लागली होती. तिने ती झटकली नाही.

चार दशकांपूर्वी फिलिपिन्सचा नीलगर्भ सागर मागे टाकून तिचे वडील क्रिसान्तो या धवल, निःशब्द देशात आले. सोबत सुतारकामाचा एक रंधा आणि दोन पटाश्या. इथली भाषा अखेरपर्यंत त्यांच्या जिभेवर अडखळली. लाकडाशी मात्र ते अस्खलित बोलले. परक्यांच्या घरांना त्यांनी दारे बसवली. ओकची दारे, मेपलची दारे, जन्मभर दारेच दारे.

दार बसवले की ते अर्धे उघडे सोडायचे, चार पावले मागे सरायचे आणि हाताची घडी घालून बघत राहायचे. बोटभर जरी हलले, तरी बिजागऱ्या काढून पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणत, म्हाताऱ्याला वेड आहे. होतेच.

"सोडलं तिथं थांबलं पाहिजे," ते लेकीला सांगत. "आपल्या मनानं हलतं, ते कसलं दार!"

शेवटच्या आठवड्यात इस्पितळाच्या खाटेवरून त्यांनी एकच गोष्ट मागितली. "घरी ने गं, बाळ."

"उद्या नेते, ताताय," ती बापाला म्हणाली होती. तो उद्या उजाडलाच नाही.

दफनभूमीच्या फाटकाशी रेमीआत्याने तिचा हात धरला. "सरळ घरी जायचं नाही हं. आधी कुठंतरी कॉफी प्यायची सगळ्यांनी. नाहीतर गेलेल्याचा जीव मागोमाग घरी येतो." त्यांच्या बेटांवरची ही जुनी रीत. जिवंतांनी वाट मोडायची, मृताला चकवायचे.

"येऊ दे की, आत्या." मारिसेलने हात सोडवून घेतला. "त्यांनाच तर घरी न्यायचंय मला."

ती सरळ घरी आली. गाडी सावकाश चालवत, एकही वळण न चुकवता, मागून येणाऱ्याला रस्ता सापडावा म्हणून.

घराचे दार क्रिसान्तोंच्याच हातचे. देवदाराचे, मधुवर्णी, सुगंधी. आत शिरून तिने ते अर्धे उघडे सोडले, चार पावले मागे सरली आणि बघत राहिली. फार नको. नुसते बोटभर हलावे.

गारठा आत आला. मावळतीचे ऊन आत आले, जाजमावर टेकले आणि निघून गेले. तिची बोटे बधिरली, ओठ निळावले, तरी ती उभीच होती. पुढे होऊन दार लावून घेणे किती सोपे होते! तेवढेच तिला करता येत नव्हते.

"या ना, ताताय," ती म्हणाली. "या ना."

दार हलले नाही. क्रिसान्तोंनी बसवलेले दार ते. सोडले तिथेच थांबले.