बिनआवाजाचं कॉलेज

त्या घरात कॉलेजचा सिनेमा लागला की हातातली कामं हातातच राहायची. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी बेहत्तर, पण कोणी उठायचं नाही. कारण त्या सिनेमात कुठेतरी, वर्गात, कँटीनमध्ये, नाहीतर लायब्ररीच्या जिन्यावर घरची आई असायची. हिरोच्या खांद्यामागे असायची, हिरॉईनच्या छत्रीआड असायची, कधी तर नुसती वेणीच दिसायची. पण असायची! बाप रिमोट हातात धरून टपून बसायचा, आणि वेणी दिसली रे दिसली की चित्र थांबवून लेकीला म्हणायचा, ही बघ तुझी आई, कशी ऐटीत चाललीय.

सेटवर तिला सगळे 'खिडकी' म्हणत. नाव विचारत बसायला वेळ कोणाला? वर्गाचा प्रसंग असला की ती न सांगता खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसायची, म्हणून खिडकी. शाळा संपली आणि वडिलांनी अंथरूण धरलं. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, आणि ही सिनेमाच्या गर्दीत उभं राहायच्या कामाला लागली. आता गंमत बघा, गर्दी कसली मिळाली? कॉलेजची! ज्या वयात कॉलेजला जायचं त्या वयात ती रोज कॉलेजलाच जात होती. फक्त तिथल्या फळ्यावरची गणितं खोटी होती, हातातल्या पुस्तकांना नुसतीच कव्हरं होती, आणि सर दुपारी मिशी काढून जेवायला बसत.

या कामाचा पहिला नियम म्हणजे मागच्यांनी बोलायचं, पण आवाज काढायचा नाही. ओठ हलवायचे, हसायचं, शेजारणीला टाळी द्यायची, तीसुद्धा हाताला हात न लावता. पुढे हिरोचे संवाद चाललेले असतात, त्यात मागची खुसफुस कोणाला हवी? नवीन मुली पहिल्याच दिवशी ओरडा खायच्या. हिने कधीच खाल्ला नाही. ती इतकं सुरेख मुक्याने बोलायची की बघणाऱ्याला आपलेच कान गेले की काय असं वाटावं. लेक लहान असताना मायलेकींचा हाच खेळ असे. घर भरलेलं असलं तरी आई ओट्याजवळून नुसते ओठ हलवायची आणि लेक दारातून बरोब्बर ओळखायची. सेटवर दिवे लावायच्या कामावर असलेला बाप म्हणायचा, तुमचं हे बिनतारी बोलणं मला कधी कळायचं नाही बुवा.

हिचा सगळ्यांत लाडका सिनेमा मात्र फारसा चालला नव्हता. त्यात सरांचं काम करणारे म्हातारे नट एकदा संवाद विसरले. वेळ मारून न्यायला त्यांनी खिडकीकडे हात केला आणि म्हणाले, "काय, पटतंय ना?" आजवर कुठल्या सरांनी तिला काही विचारलंच नव्हतं. पण अंगात नियम मुरलेला. तिने मान हलवली आणि आवाज न काढता ओठ हलवले. दिग्दर्शक खूश झाला, तो तुकडा सिनेमात राहिला. तिथे चित्र थांबवलं की लेक ओठ वाचून सांगायची, "आई 'हो, सर' म्हणतेय."

पुढे वय वाढलं. एक दिवस माणसं पुरवणाऱ्या एजंटाने सांगितलं, ताई, आता विद्यार्थिनींत नाही चालायच्या, निरोपसमारंभातल्या पालकांत बसा. वाईट वाटलं का? वाटलं तर! घरी येऊन ती भांडी घासत मुकाट रडली. रडणंसुद्धा बिनआवाजाचं, सवयच ती. मग तिने सगळी आशा लेकीवर ठेवली, आणि लेक खरोखरच कॉलेजात गेली. भूगोल घेतला. रोज संध्याकाळी आई चहाचा कप पुढे ठेवून विचारायची, आज काय झालं गं? लेक म्हणायची, काय होणार, तास झाले. एवढंच. आईचा जीव मात्र टांगणीला लागलेला असायचा.

एका रविवारी तोच लाडका सिनेमा लावला होता. कँटीनमधलं गाणं सुरू झालं आणि लेक फिस्सकन हसली. म्हणाली, "आई, असं कॉलेज कुठेच नसतं गं. अर्धी मुलं येत नाहीत, आलेली मोबाइल बघतात. तू उगाच त्या खोट्याच्या मागे झुरत बसलीस."

आईने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. त्या घरात कॉलेजचा सिनेमा अर्ध्यावर बंद होणं हे आक्रीतच! बापाने लेकीकडे असं पाहिलं की तिने मान खाली घातली. रात्रीच्या जेवणापर्यंत लेकीचा राग आईवरून स्वतःवर आला होता. ती म्हणाली, "गुरुवारी चल माझ्याबरोबर. आमचा वर्ग मोठा आहे, कोणी विचारत नाही. बघ तरी खरं कॉलेज."

बाई नको नको म्हणाली आणि त्याच रात्री तीन ड्रेस इस्त्री करून ठेवले. नवरा म्हणाला, वर्गात बसायला चाललीस की शूटिंगला? ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा हो. पण हसली.

गुरुवारी वर्गात शिरताच तिची पावलं आपोआप खिडकीकडे वळली. लेक दोन ओळी मागे मैत्रिणीजवळ बसली. बाक खरा होता, कोणीतरी त्यावर कर्कटकाने बदाम कोरला होता. फळा नीट पुसलेला नव्हता. लेक म्हणाली होती ते सगळं खरं निघालं, अर्धे बाक रिकामे होते, मुलं मोबाइल बघत होती. आणि तरी हिला भरून आलं. वेडीच बाई! आपण इथे असायला हवं होतं, तेव्हाच, याच वयात, असं तिला इतकं आतून वाटलं की तिने बाकाची कड घट्ट धरली.

सर आले. साधेच होते, शर्टाला खडू लागलेला. समुद्राच्या भरती-ओहोटीबद्दल शिकवू लागले. बोलता बोलता थांबले आणि विचारलं, चंद्र एका बाजूला असतो, मग भरती दिवसातून दोनदा का येते? कोणी मान वर केली नाही. सरांची नजर बाकांवरून फिरत खिडकीशी आली.

"तुम्ही सांगा. खिडकीजवळच्या ताई."

ती उठली. सर थेट तिच्याकडे बघत होते. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तिने तोंड उघडलं, ओठ हलले, हातसुद्धा हलला, आणि आवाज म्हणून आला नाही. सरांनी कानाशी हात नेला. म्हणाले, ऐकू नाही आलं, जरा मोठ्याने. तिने पुन्हा ओठ हलवले. मागे कोणीतरी खुदकन हसलं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर उभा होता आणि तिचा गळा सेटवरचा नियम पाळत होता. सर अवघडून पुढच्या बाकाकडे वळले. तिने मागे लेकीकडे पाहत पुन्हा ओठ हलवले.

तेवढ्यात मागे लेक उभी राहिली.

"सर, ही माझी आई आहे. ती म्हणतेय, प्रश्न पुन्हा विचाराल का?"

सर एकदा लेकीकडे, एकदा आईकडे बघत राहिले. मग परत खिडकीसमोर आले आणि सावकाश, पहिल्यापासून, सगळा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला.

"मला माहीत नाही, सर."

आवाज आला तो केवढा! मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. तिची तीच दचकली. मुलं हसली, सरही हसले.

"हरकत नाही," ते म्हणाले. "पुढच्या तासाला वाचून या."

सिनेमातल्या वर्गाला पुढचा तास नसतो. शॉट संपला की बाक उचलतात, फळा उचलतात, भिंतसुद्धा उचलून नेतात. आजवर कुठल्याच सरांनी तिला पुन्हा या म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते न पुसताच ती म्हणाली,

"हो, सर."

हे सगळ्यांना ऐकू गेलं.

तास संपल्यावर जिना उतरताना लेकीने आईची पिशवी स्वतःकडे घेतली. खालच्या पायरीवर आई थांबली आणि तिने विचारलं, पुढचा तास कधी असतो गं? आता आली का पंचाईत! पोरीला आपलं वेळापत्रक कधी पाठ असेल तर ना. ती तिथेच पायरीवर बसली आणि मैत्रिणींना एकामागून एक फोन लावत सुटली.