बिनहाराचा फोटो

मी रामकिसनचा फोटो बोलतोय. शहागंजातल्या स्टुडिओत मला काढलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बॉम्ब टाकणाऱ्या विमानात नकाशा बघून वाट दाखवायचं त्याचं काम. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान गेलं, ते परत आलंच नाही. मी मात्र अजून बावीसचाच आहे.

माझी मालकीण त्याची धाकटी बहीण, आवडाबाई. शेंद्र्यातल्या तिच्या घरात, भिंतीवरचे बाकीचे फोटो हार घालून बसलेत. मला हार नाही. दर भाऊबीजेला ती मला ओवाळते, जित्या माणसाला ओवाळावं तसं.

तो वारल्याचा सरकारी कागद आला होता. "कुणी पाह्यलं?" एवढंच तिनं विचारलं. तिचा भरवसा एकाच पत्रावर. रामकिसनचा हवाई दलातला दोस्त सुदर्शन, त्यानं आईच्या पत्राला उत्तर लिहिलं होतं, 'मी मागच्या विमानात होतो. रामकिसनची हवाई छत्री उघडलेली मी पाहिली.'

तेव्हापासून आल्यागेल्यावर तिचा संशय. पाहुण्याच्या पिशवीत आधी डोकावणार, हार तर लपवला नाय ना? चौकाला भावाचं नाव द्यायला पुढारी आले, तर म्हणाली, "मेल्याबिगर चौकाला नाव कुणी देत नाय. माझ्या भावाला मारायला आलाव व्हय? चहा प्या अन् निघा." नात श्रेयानं माझी काच पुसली तरी, "काय करायलीस गं तिथं?" खरं सांगू, मलाही तीच खोड लागली. फुलांचा वास आला की मी सावध.

गेल्या महिन्यात रिक्षातून एक म्हातारा उतरला.

"कोण पायजे?"

"मी सुदर्शन."

आवडाबाईनं स्वतः उठून पाणी आणलं. जगात याच एका माणसावर तिचा संशय नव्हता.

त्यानं तांब्याला हात लावला नाही. "ताई, छत्री उघडलीच नव्हती. विमान हवेतच फुटलं. तुमच्या आईचं पत्र वाचवेना, म्हणून मी खोटं लिहिलं. आता माझंही वय झालं."

आवडाबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"पन्नास वर्सं सगळ्यांवर संशय घेतला मी," आवडाबाई म्हणाली. "तुमच्यावर तेवढा घेतला नाय." मग हळूच विचारलं, "लई तरास झाला का त्याला?"

"नाही ताई. क्षणात संपलं."

तिनं डोळे बारीक केले. "हे बी माझ्या समाधानाला सांगायलात का?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "मला माहीत नाही, ताई."

"आता खरं बोललात," ती म्हणाली. "घ्या, पाणी प्या."

दुसऱ्या दिवशी तिनं श्रेयाला औरंगपुऱ्यात पाठवून शेवंतीचा हार आणवला. स्टूल श्रेयाला धरायला लावलं, पण हार स्वतःच्या हातानं घातला.

माझी तक्रार नाही. फक्त तुम्ही कधी आलात तर एवढं करा. हाराखाली माझ्या छातीवरचा एका पंखाचा बिल्ला, विमानाला वाट दाखवणाऱ्याला मिळतो तो, झाकला गेलाय. तो नवाकोरा मिळाला म्हणून तर पोरगं त्या दिवशी स्टुडिओत गेलं होतं. फुलं जराशी बाजूला सारा.