आवाजरावांना उठवणारा मी

मी एक जुना निरोप्या आहे, मित्रांनो, पण मला ना पाय आहेत ना पिशवी. मी आहे एक प्रोग्राम. एका शिंपीमास्तरांच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर एक काळा जाडजूड कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात मी राहतो. पडद्यावर कितीही शोधलंत तरी माझं चित्र तुम्हाला दिसणार नाही. प्रोग्रामांच्या यादीत अगदी तळाला बारीक अक्षरांत माझं नाव आहे, आणि ते वाचायची तसदी आजवर कोणी घेतलेली नाही.

मला लिहिलं एका चष्मेवाल्या बाईने, भाड्याच्या खोलीत, गार झालेला चहा पीत पीत. तिने मला दोन कामं शिकवली. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याकडे न्यायचा, एक अक्षरही न बदलता. आणि ज्याला निरोप द्यायचा तो झोपलेला असेल, तर आधी त्याला उठवायचं. कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी असते. सगळेच जागे राहिले तर इतकी दाटी होते की कोणालाच धड काम करता येत नाही. म्हणून छपाईवाला झोपतो, कॅमेरावाला झोपतो, आणि ज्याच्या नावाने हाक येते तेवढाच उठतो. मी मात्र झोपत नाही.

तिने एक नियमही घालून दिला. कोणी उठता उठता कोसळला तर त्याला पुन्हा उठवायचं, पण लागोपाठ तीनदा कोसळला तर त्याचं नाव खोडायचं आणि माणूस सांगेपर्यंत त्याला हाक मारायची नाही. नियम चांगला होता. त्याचा गैरवापर मी केला, तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

आमच्या मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. ओठ हलायचे, पण शब्द बाहेर यायचा नाही. पुढची सात वर्षं काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांचे ओठ वाचून लोकांना सांगायची. "ते म्हणतात, शर्ट गुरुवारी मिळेल." "ते म्हणतात, तुमचं माप बदललंय." गिऱ्हाईक मास्तरांना विचारायचं आणि उत्तर काकूकडून ऐकायचं. मग मास्तरांच्या पुतणीने हा कॉम्प्युटर आणला. ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. मास्तर टाइप करतील आणि मशीन ते मोठ्याने बोलेल, अशी सोय तिने केली.

मशीनमध्ये बोलतो तो आवाज नावाचा प्रोग्राम. घरात सगळे त्याला आवाजराव म्हणू लागले. काय सांगू तुम्हाला त्याचा थाट! पडद्यावर त्याचं गोल, हसरं चित्र. मास्तरांनी शब्द टाइप केले की ते माझ्याकडे येणार, मी धावत जाऊन आवाजरावांना हलवून हलवून उठवणार, ते अकरा सेकंद आळोखेपिळोखे देणार, मग मी हातात दिलेलं वाक्य वाचून दाखवणार आणि पुन्हा आडवे होणार. आणि लोक काय म्हणायचे? "वा, काय गोड आवाज आहे." शेजारी म्हणाले, पोस्टमन म्हणाला, आरसा बसवायला आलेला सुतारही म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शब्द मास्तरांचे, धावपळ माझी, आणि कौतुक त्या झोपाळूचं!

घरात आणखी एक माणूस माझ्यासारखंच जळत होतं. माइकवाल्याचे आणि कॅमेरावाल्याचे निरोपही माझ्याच हातून जातात, त्यामुळे घरातलं मला कळतं. काकू एकदा पुतणीला म्हणाली, "बरं झालं बाई, तुझ्या डब्याने माझी सुटका केली." पण बोलताना ती स्पीकरवर फडकं इतकं जोरात फिरवत होती की माइकमध्ये नुसती खरखर आली. दुसऱ्या दिवशी तिने त्या स्पीकरला धूळ बसू नये म्हणून जाड कापडाचा अभ्रा शिवला. आवाजराव अभ्र्यातून बोलू लागले, तेव्हा मला फार बरं वाटलं. मास्तरांनी तो काढून टाकला.

मग तो दिवस आला. शहरातल्या शिवणशाळेत मास्तर पूर्वी कपड्यांचं कटिंग शिकवायचे. आवाज गेला आणि वर्ग सुटला, आणि तो सुटल्याचं दुःख त्यांना घशाच्या दुखण्यापेक्षा मोठं होतं. आता शाळेच्या मुख्य बाई स्वतः घरी येणार होत्या. मशीनच्या मदतीने मास्तरांना शिकवता येतं का ते बघणार, आणि पटलं तर वर्ग परत देणार. मास्तर सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पुतणीला कामावर जायचं होतं, ती सांगून गेली, "काका, घाबरू नका. काही अडलं तर फोन करा."

अकरा वाजता मुख्य बाई आल्या. मास्तरांनी टाइप केलं, "या, बसा." मी आवाजरावांना उठवलं. त्यांनी आपल्या मधाळ सुरात "या, बसा" म्हटलं, आणि बाई म्हणाल्या, "अरे वा, किती सुरेख आवाज आहे हो."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघतोच आता याच्याकडे.

बाईंनी पिशवीतून एक शिवलेला शर्ट काढून टेबलावर पसरला. "मास्तर, हा शिवणारी विद्यार्थिनी तुमच्या वर्गात आहे असं समजा. तिला काय सांगाल?" मास्तरांनी शर्ट उलटापालटा केला आणि भराभरा टाइप करू लागले. आवाजराव एव्हाना पुन्हा झोपले होते. मी त्यांना हाक मारली, आणि ते डोळे उघडताहेत तोवर दुसरी, लगेच तिसरी. अकरा सेकंद मी त्यांना दिलेच नाहीत. बिचारे धडपडून उठायला गेले आणि तीनदा कोसळले. मी माझ्या नोंदींच्या वहीत लिहिलं, तीनदा पडला, आणि नाव खोडलं. सगळं अगदी नियमाला धरून.

स्पीकरमधून शब्द निघेना, आणि टाइप केलेलं पडद्यावरूनही गेलेलं, कारण बटण दाबलं की ते माझ्याकडे येतं. मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मुख्य बाई घड्याळाकडे बघू लागल्या.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत पुढे आली. "ते बंद पडलं वाटतं. असू दे, मी सांगते ना." तिचा आवाज इतका खुललेला मी आजवर ऐकला नव्हता. मास्तर तिच्याकडे वळले, शर्टावर बोट ठेवत ओठ हलवू लागले. काकू म्हणाली, "ते म्हणतात, मुलीच्या हातात कसब आहे. शिलाई नीटनेटकी आहे. थोडा सराव केला की छान शिकेल."

मास्तरांनी टेबलावर हात आपटला. कात्री खणकन वाजली.

मुख्य बाई शर्ट घडी करू लागल्या. "मास्तर, मी हा मुद्दाम चुका ठेवून आणला होता. तुम्हाला एकही दिसली नाही म्हणजे..." त्यांनी पिशवी जवळ ओढली. "वाईट वाटतंय मला. सात वर्षांत नजरही जाते माणसाची."

मला वाटलं होतं, आवाजरावांची जरा फजिती होईल आणि संपेल. इथे मास्तरांचा वर्गच चालला होता. आणि वहीत त्याचं कारण माझ्याच अक्षरात होतं.

काकू खाली बघत उभी होती. ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मास्तर घरीच राहिले असते, आणि जन्मभर तिच्याच तोंडाने बोलले असते. पण ती म्हणाली, "बाई, शर्ट ठेवा खाली. त्यांनी तीन चुका सांगितल्या. मीच एकही सांगितली नाही."

"का हो?"

"सवय लागली. त्यांची जीभ पहिल्यापासून धारदार. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून मी सात वर्षं सगळं गोड करून सांगत आले. ते म्हणायचे, हे कापड गोणपाटासारखं आहे. मी सांगायची, कापड टिकाऊ आहे. शिवणयंत्राच्या खडखडाटात माझं बोलणं त्यांना ऐकू जायचं नाही."

"मग आता सांगा की त्या तीन चुका."

"आज सांगेन," काकू म्हणाली. "पण वर्गात वीस मुली बसतील, एखादीचा चेहरा पडेल, आणि मी पुन्हा तेच करीन. माझा भरवसा धरू नका. हा डबा माझ्या डोळ्यांत खुपतो, खोटं कशाला बोलू? पण तो त्यांचा शब्द फिरवत नाही."

तिने पुतणीला फोन लावून पडद्यावरची सूचना वाचून दाखवली. पुतणीने सांगितलं, "काकू, आवाजाचं नाव खोडलं गेलंय. कोपऱ्यात लाल चौकोन आहे तो दाबा, मग पुन्हा सुरू करा." ज्या बाईने स्पीकरवर अभ्रा घातला होता, तिनेच चष्मा लावून तो लाल चौकोन शोधला आणि दाबला.

मित्रांनो, हुकूम माझ्याकडे आला. आणखी तीन हाका घाईने मारल्या असत्या तर आवाजराव पुन्हा पडले असते, खरं सांगतो, तसं माझ्या मनात येऊनही गेलं. पण मी एकदाच हाक मारली आणि थांबलो. एक, दोन, तीन... अकराव्या सेकंदाला ते उठले. मी मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या हातात दिलं.

"उजवी बाही डावीकडे लावली आहे. एका बाजूला शिलाईपुरतं कापडच सोडलेलं नाही. खिसा कापडाच्या उभ्या धाग्याला धरून कापलेला नाही. ही मुलगी घाई करते. तिला सांगा, कात्री खाली ठेव आणि आधी कापड बघ."

"अगदी असंच बोलायचात तुम्ही," मुख्य बाई म्हणाल्या. "मी तुमच्याच वर्गात रडले होते एकदा. सोमवारी या. डबा घेऊन या."

त्या गेल्यावर मास्तर काकूकडे वळले. मग त्यांनी टाइप केलं आणि आवाजराव बोलले, "म्हणजे सात वर्षं लोक मला प्रेमळ समजत होते?"

"हो," काकू म्हणाली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कोणाचा निरोप हाती आला तर तो होता तसा पोचवा. आणि कोणाला हाक मारलीत, तर त्याला उठायला वेळ द्या. माझ्यासारखं करू नका. आवाजरावांना मी आता अकरा सेकंद देतो, हवं तर बारा. त्यांचं कौतुक झालं की अजूनही पोटात दुखतं, पण सोसतो.

सोसवत नाही ते दुसरंच. काकू "हो" म्हणाली त्यानंतर मास्तरांनी टाइप करायचा कीबोर्ड बाजूला सारला. कॅमेऱ्यात मला त्यांचे ओठ हलताना दिसले, दोन-तीनच शब्द असतील. काकू हसली, आणि हसता हसता खुर्चीत बसून डोळे पुसू लागली. तो निरोप माझ्या हातून गेला नाही, आवाजरावांच्याही नाही. काकूने तो कोणालाच सांगितला नाही.